ह्यूमस द्रव्ये व प्रदूषक-बंधन

ह्यूमस द्रव्ये व प्रदूषक-बंधन : वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव यांचे मृत अवशेष जमिनीत आणि पाण्यात कुजत असताना जी गडद रंगाची कार्बनी द्रव्ये मागे राहतात, त्यांना सामान्यपणे ह्यूमस द्रव्ये म्हणतात. धातूंचे आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट), कीटकनाशके, तणनाशके, खनिज तेलातील घटक इ. प्रदूषके ही द्रव्ये स्वतःशी धरून ठेवतात. या क्रियेस प्रदूषक-बंधन म्हणता येईल. एखादे प्रदूषक जमिनीत किती खोल उतरेल, पिकाच्या मुळांत वा माशाच्या शरीरात किती शिरेल आणि विहिरीच्या पाण्यापर्यंत केव्हा पोहोचेल, हे बऱ्याच अंशी या बंधनावर अवलंबून असते. तथापि बंधन म्हणजे नाश नव्हे. बांधले गेलेले प्रदूषक काही काळ निष्क्रिय होते. परंतु परिस्थिती बदलल्यास ते पुन्हा मोकळे होऊ शकते. शिवाय बांधणारे द्रव्य स्वतःच पाण्याबरोबर वाहत असेल, तर ते प्रदूषकाचे वाहन ठरते.

‘ह्यूमस’ हा मूळ लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘जमीन’ असा आहे. जगातील जमिनीच्या वरच्या १ मी. थरात कार्बनी द्रव्यांच्या रूपात सु. १,५०० अब्ज टन कार्बन साठलेला आहे. वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडात असलेल्या कार्बनापेक्षा हा साठा मोठा आहे. नद्यांच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बनी द्रव्यांचे प्रमाण (कार्बनाच्या रूपात) सामान्यतः दर लिटरला १ ते २० मिग्रॅ. असते. दलदलीच्या प्रदेशांतून येणाऱ्या नद्यांचे पाणी चहाच्या फिकट काढ्यासारखे दिसते, ते या द्रव्यांमुळेच होय.

इतिहास : जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रांट्स कार्ल आखार्ट यांनी १७८६ मध्ये पीट (दलदलीत साचलेले अर्धवट कुजलेले वनस्पतिजन्य द्रव्य) क्षाराच्या विद्रावात मिसळले. त्या काळपट विद्रावात अम्ल घालताच गडद साका तळाशी बसला. ह्यूमस द्रव्ये वेगळी करण्याची ही रीत थोड्याफार फरकाने आजही वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडिश शास्त्रज्ञ यन्स याकॉप बर्झीलियस यांनी झऱ्याच्या पाण्यातून अशाच प्रकारची पिवळट अम्ले मिळविली. पुढे या द्रव्यांचे तीन वर्ग रूढ झाले. क्षारात विरघळणाऱ्या पण अम्ल घालताच खाली बसणाऱ्या भागास ह्यूमिक अम्ल, अम्ल व क्षार या दोहोंत विरघळणाऱ्या भागास फल्व्हिक अम्ल आणि कशातच न विरघळणाऱ्या भागास ह्यूमिन म्हणतात. १९८१ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली व तिने तुलनेसाठी प्रमाणित नमुने उपलब्ध करून दिले. त्यांतील स्वॉनी नदीच्या पाण्यातून मिळविलेला नमुना विशेष प्रसिद्ध आहे.

कुजण्याच्या क्रियेत लहान रेणू एकत्र येऊन ह्यूमसाचे प्रचंड रेणू नव्याने तयार होतात, अशी दीर्घकाळ समजूत होती. २०१५ मध्ये योहानेस लेमान व मार्कुस क्लेबर यांनी या समजुतीवर सविस्तर आक्षेप घेतला. त्यांच्या मते जमिनीतील कार्बनी द्रव्य म्हणजे क्रमाक्रमाने विघटन पावत असलेल्या लहानमोठ्या तुकड्यांचा समुच्चय असून त्यातील बराच भाग खनिज कणांना चिकटल्यामुळे टिकून राहतो. क्षाराने काढलेल्या अर्कावरून मूळ द्रव्याचे स्वरूप ठरविणे योग्य नाही, असेही त्यांनी दाखविले. उत्पत्तीविषयीचा हा वाद महत्त्वाचा असला, तरी प्रदूषके ज्या अणुगटांना चिकटतात ते गट दोन्ही मतांप्रमाणे तेच आहेत.

घटना : या द्रव्यांत वजनाने सु. ५० ते ६० टक्के कार्बन असतो व उरलेल्या भागात ऑक्सिजन प्रमुख असतो. हायड्रोजन, नायट्रोजन व थोडे गंधक हे इतर घटक होत. त्यांच्या रेणूंना कार्‌बॉक्सिल व फिनॉलिक गट मोठ्या संख्येने जोडलेले असतात. ॲमिनो गट व गंधकयुक्त थायॉल गट थोडे असतात. यांखेरीज रेणूंत कार्बनाच्या साखळ्या व वलये असलेले भाग असून ते पाण्यापासून दूर राहू पाहतात. कार्‌बॉक्सिल गटातील हायड्रोजन साधारणतः ३ ते ५ या पीएच मूल्यांच्या (अम्लता दर्शविणाऱ्या मूल्यांच्या) दरम्यान सुटा होतो. त्यामुळे बहुतेक जमिनींत व नद्यांत ह्यूमस द्रव्यावर ऋण विद्युत् भार असतो. १०० ग्रॅ. ह्यूमस सु. २०० मिलितुल्यांक किंवा त्याहून अधिक धनायन (धन विद्युत् भारित आयन) धरून ठेवू शकते. याउलट केओलिनाइट या मृत्तिका खनिजाची धारणशक्ती ३ ते १५ आणि माँटमोरिलोनाइटाची ८० ते १२० मिलितुल्यांक असते. म्हणून जमिनीत ह्यूमस थोडे असले, तरी त्याचा प्रभाव प्रमाणाबाहेर मोठा असतो.

बंधनाच्या तऱ्हा : प्रदूषक कोणत्या प्रकारचे आहे त्यावर त्याच्या बंधनाची तऱ्हा अवलंबून असते. (१) आयन-विनिमय : ऋणभारित गटांजवळ कॅल्शियम, पोटॅशियम इ. आयन सैलपणे थांबलेले असतात. प्रदूषक धनायन त्यांची जागा घेतात. हे बंधन दुर्बल असून खारे पाणी किंवा खताचे लवण मिसळल्यास सहज उलटते. (२) जटिल संयुग निर्मिती : धातूचा आयन दोन किंवा अधिक अणुगटांमध्ये खेकड्याच्या नांगीत पकडल्याप्रमाणे अडकतो. हे बंधन पुष्कळ बळकट असते. (३) विभाजन : पाण्यात जवळजवळ न विरघळणारी कार्बनी प्रदूषके पाणी सोडून ह्यूमसाच्या जलविरोधी भागात शिरतात. पाण्यात हलविलेले तेलकट द्रव्य जसे तेलाच्या थरात जाते, तसाच हा प्रकार आहे. (४) सहसंयुजी बंध : काही प्रदूषकांचे वा त्यांच्या विघटनातून निघालेल्या पदार्थांचे रेणू ह्यूमसाच्या रेणूंशी रासायनिक रीत्या जोडले जातात. ॲनिलीन वर्गातील पदार्थ हे याचे ठळक उदाहरण होय. टीएनटी या स्फोटकाचे क्षपण होऊन बनणारे ॲमिनो पदार्थही असेच जोडले जातात. असे अवशेष नेहमीच्या विद्रावकांनी काढता येत नाहीत.

धातूंचे बंधन : द्विसंयुजी धातूंपैकी तांबे व शिसे यांचे बंधन बळकट, तर जस्त, निकेल व कॅडमियम यांचे त्यामानाने दुर्बल असते. वेल्समधील डॉल्गेल्लाय गावाजवळच्या एका दलदलीत तांबेयुक्त झऱ्यांचे पाणी मुरून पीटमध्ये एवढे तांबे साठले होते, की एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते पीट भट्टीत जाळून त्याच्या राखेतून तांबे काढीत. शिशाचे बंधन असेच टिकाऊ आहे. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतातील एका पीट-दलदलीच्या थरांवरून सु. १४,००० वर्षांतील हवेतून पडलेल्या शिशाचा इतिहास शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडला. रोमन काळातील खाणकाम व विसाव्या शतकातील शिसेयुक्त पेट्रोल या दोहोंच्या खुणा त्यात स्पष्ट दिसतात.

पारा मुख्यतः थायॉल गटांना अत्यंत घट्ट चिकटतो. त्यामुळे जंगलातील जमिनीत हवेतून पडलेला पारा अडून राहतो; पण जमिनीतून झिरपणाऱ्या विरघळलेल्या ह्यूमसाबरोबर तोच पारा तळ्यांत जातो. स्कँडिनेव्हियातील प्रवाहांत पाण्याचा तपकिरी रंग व पाऱ्याचे प्रमाण यांचा निकटचा संबंध आढळला आहे. तळ्यांच्या ऑक्सिजनहीन गाळात सूक्ष्मजंतू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि हे विष माशांच्या शरीरात साठत जाते.

क्रोमियमाच्या बाबतीत ह्यूमसाचे कार्य निराळे आहे. षट्‌संयुजी क्रोमियम हे विद्राव्य व विषारी असते. कार्बनी द्रव्य त्याचे त्रिसंयुजी क्रोमियमात क्षपण करते व मग ते पक्के बांधते.

सर्वच धातूंना ह्यूमस धरून ठेवते असे मात्र नाही. किरणोत्सर्गी सीझियम हे इलाइटासारख्या मृत्तिका खनिजांच्या थरांत घट्ट अडकते, परंतु ह्यूमसाशी त्याचे बंधन सैल असते. १९८६ मधील चेर्नोबिल अपघातानंतर ब्रिटनच्या ज्या डोंगराळ भागांत पावसाबरोबर सीझियम पडले, तेथील जमिनी पीटयुक्त असून त्यांत अशी खनिजे कमी होती. परिणामी सीझियम गवतात व गवतातून मेंढ्यांत जात राहिले. मेंढ्यांच्या विक्रीवरील अखेरचे निर्बंध २०१२ मध्ये उठले. ह्यूमसाची विपुलता येथे उपयोगी पडली नाही.

आर्सेनिक पाण्यात बहुधा ऋणायनाच्या किंवा भाररहित अम्लाच्या रूपात असल्याने ते ह्यूमसाकडे सरळ ओढले जात नाही. ते मुख्यत्वे लोखंडाच्या ऑक्साइडांवर चिकटते. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात भूगर्भातील कार्बनी द्रव्य सूक्ष्मजंतूंचे खाद्य बनते. सूक्ष्मजंतू ऑक्सिजनाच्या अभावी लोखंडाच्या ऑक्साइडांचे क्षपण करतात. ती विरघळतात व त्यांवरील आर्सेनिक भूजलात सुटते. पश्चिम बंगालमध्ये या विषबाधेचे रुग्ण १९८३ मध्ये ओळखले गेले. प्रदूषक मोकळे करण्यासही कार्बनी द्रव्य कारण होते, हे या उदाहरणावरून दिसते.

कार्बनी प्रदूषकांचे बंधन : १९७९ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, विद्युत् भाररहित कार्बनी पदार्थ जमिनीत किती अडेल हे मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरते : जमिनीतील कार्बनी कार्बनाचे प्रमाण आणि त्या पदार्थाची पाण्यापेक्षा कार्बनी द्रव्याकडे असलेली ओढ. ही ओढ एका गुणांकाने दर्शवितात. ॲट्राझीन या तणनाशकासाठी तो सु. १००, लिंडेन या कीटकनाशकासाठी सु. १,००० आणि डीडीटीसाठी लाखांच्या घरात आहे.

या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा १ लि. आकारमानाच्या जमिनीत १.५ किग्रॅ. कोरडी माती व ०.३ लि. पाणी आहे. मातीत ०.५ टक्के कार्बनी कार्बन असल्यास ॲट्राझीनाचा सु. २९ टक्के भाग कोणत्याही वेळी पाण्यात असतो. म्हणजे मुरणारे पाणी ३.५ मी. खाली गेले, तर तणनाशक सरासरी १ मी. उतरते. कार्बनी कार्बन २ टक्के असल्यास तेवढेच अंतर उतरण्यासाठी पाण्याला ११ मी. जावे लागते. या वाढीव मुदतीत सूक्ष्मजीवांना त्याचे विघटन करण्यास अधिक अवसर मिळतो. ह्यूमस विरळ असलेल्या जमिनीतून मात्र असे पदार्थ लवकर निसटतात. यूरोपीय संघाने २००४ मध्ये ॲट्राझीनाला मान्यता नाकारली, तिचे प्रमुख कारण भूजलात आढळणारे त्याचे प्रमाण हे होते.

डीडीटी पाण्याबरोबर जवळजवळ उतरतच नाही. ते वरच्या थरात वर्षानुवर्षे राहते आणि मातीची धूप झाली म्हणजे मातीच्या कणांवर बसून ओढ्यांत, तलावांत व समुद्रात जाते. भारतात शेतीसाठी त्याच्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली. तथापि त्याचे अवशेष त्यानंतरही मातीत व गाळात आढळत राहिले.

भारित रेणूंना वरील नियम लागू पडत नाही. पॅराक्वॉट हे धनभारित तणनाशक मृत्तिका खनिजांना आणि ग्लायफोसेट हे लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांना अधिक चिकटते. याउलट काजळी व कोळसा यांची धारणशक्ती ह्यूमसाहूनही पुष्कळ मोठी असते. शहरांजवळच्या नद्यांच्या गाळात बहुवलयी हायड्रोकार्बने अडकून राहतात, त्यामागे हेही एक कारण असते.

पाण्यातील परिणाम : पाण्यात विरघळलेले ह्यूमस हे जलचरांचे संरक्षण करते. तांब्याचा मोकळा आयन माशांच्या कल्ल्यांना चिकटून घातक ठरतो. ह्यूमसाशी जोडलेले तांबे कल्ल्यांत सहज शिरत नाही. एकूण तांबे सारखेच असूनही स्वच्छ, नितळ पाण्यात मासे मरतात आणि तपकिरी पाण्यात तगतात, असे यामुळे घडू शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये गोड्या पाण्यातील तांब्याची मर्यादा ठरविताना विरघळलेल्या कार्बनी द्रव्याचे प्रमाण विचारात घेण्याची पद्धत स्वीकारली.

पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत मात्र हेच द्रव्य अडचणीचे ठरते. जंतुनाशासाठी घातलेल्या क्लोरिनाची ह्यूमसावर विक्रिया होऊन क्लोरोफॉर्म व तत्सम ट्रायहॅलोमिथेने तयार होतात. रॉटरडॅम येथील योहानेस रूक यांनी हे १९७४ मध्ये सिद्ध केले. भारतीय मानक संस्थेने २०१२ च्या पेयजल-मानकात क्लोरोफॉर्मासाठी दर लिटरला ०.२ मिग्रॅ. ही मर्यादा घातली आहे. तुरटीने पाणी निवळून घेताना ह्यूमसाचा बराच भाग निघून जातो. म्हणून क्लोरीन त्यानंतर घालणे हितावह असते. जंतुनाश टाळणे हा यावरील उपाय नव्हे.

बंधनाचा टिकाऊपणा : बांधलेले प्रदूषक पुढीलपैकी कोणत्याही कारणाने सुटू शकते : जमिनीची अम्लता वाढणे, खारे पाणी शिरणे, दलदल कोरडी करणे, ह्यूमसाचेच विघटन होणे व मातीची धूप. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप व मार्तिनीक या फ्रेंच बेटांवर केळीवरील सोंडकिड्यासाठी १९७२ ते १९९३ या काळात क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले. तेथील ज्वालामुखीजन्य जमिनींत ह्यूमस विपुल असल्याने ते त्यांत अडकले. ज्या जमिनींत ते सर्वांत अधिक साठले, त्या जमिनी साठ्याच्या मानाने पिकाला व पाण्याला ते कमी देतात. परंतु ते देणे दीर्घकाळ चालू राहते. बेटांजवळच्या समुद्रतळावरील गाळाच्या थरांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तणनाशकांच्या वाढत्या वापराने जमिनी उघड्या पडून धूप वाढली व १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून क्लोरडेकोन समुद्रात अधिक प्रमाणात जाऊ लागले, असा निष्कर्ष त्यात काढला आहे. हेच रसायन अमेरिकेतील होपवेल येथील कारखान्यातून जेम्स नदीत गेले होते. तेथे १९७५ मध्ये मासेमारीवर निर्बंध आले व ते १९८८ पर्यंत टिकले. दूषित गाळावर नव्या गाळाचे थर बसले, तेव्हा माशांतील प्रमाण उतरले. रसायन नष्ट झाले म्हणून नव्हे.

सांडपाण्यातील गाळ खत म्हणून वापरतानाही हा प्रश्न उद्‌भवतो. गाळातील धातूंना त्यातील कार्बनी द्रव्य धरून ठेवते. गाळ टाकणे थांबल्यावर कार्बनी द्रव्य काही वर्षांत कुजते, पण धातू तेथेच राहतात. त्यानंतर ते कितपत मोकळे होतील हे जमिनीतील ऑक्साइडे व अम्लता यांवर अवलंबून असते.

महाराष्ट्र व गोव्यातील मृदा : दख्खनच्या काळ्या जमिनीचा रंग पाहून तीत ह्यूमस भरपूर असावे असा समज होतो, तो बरोबर नाही. या जमिनींत कार्बनी कार्बन बहुधा १ टक्क्याहून कमी असतो. माती परीक्षणात ०.५ टक्क्याहून कमी प्रमाण ‘कमी’ व ०.७५ टक्क्याहून अधिक प्रमाण ‘जास्त’ मानतात. या जमिनींत प्रदूषके धरण्याचे काम माँटमोरिलोनाइट वर्गातील खनिजे मोठ्या प्रमाणात करतात; पण भाररहित कीटकनाशके अडविण्यात पाण्याने भिजलेली ही खनिजे फारशी उपयोगी नसतात. कोकण, गोवा व सह्याद्री येथील जांभ्या जमिनींत, विशेषतः जंगलाखाली, ह्यूमस अधिक असून ते लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांशी संलग्न असते. तेथील अतिवृष्टीत झाडोरा नाहीसा झाल्यास वरचा थर त्यातील सर्व बांधलेल्या द्रव्यांसह धुपून जातो.

द्राक्षे व सुपारी यांवरील रोगांसाठी वापरल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील तांबे वरच्या थरातील कार्बनी द्रव्याला बांधले जाऊन साठत राहते. यूरोपातील जुन्या द्राक्षमळ्यांच्या अनुभवावरून तेथे दर हेक्टरी ७ वर्षांत २८ किग्रॅ. तांबे ही मर्यादा घालण्यात आली आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून जलाशयांतील गाळ काढून शेतात पसरण्याची योजना राबविली गेली आहे. असा गाळ सुपीक असतो. तथापि बारीक कण व कार्बनी द्रव्य जेथे साठते तेथेच प्रदूषकेही साठतात. म्हणून शहरे व कारखाने यांच्या खालच्या अंगास असलेल्या जलाशयांतील गाळाचे परीक्षण करूनच तो पसरणे इष्ट आहे.

उपयोजन : बंधनाच्या तत्त्वाचा उपयोग प्रदूषण आटोक्यात ठेवण्यासाठी करता येतो. शेणखत व कंपोस्ट घातल्याने जमिनीची धारणशक्ती वाढते व तांबे, शिसे यांसारख्या धातूंचे पिकातील प्रमाण बहुधा उतरते. मात्र खतातून विरघळणारे ह्यूमस पुष्कळ निघाल्यास तेच तांबे खाली वाहूनही नेते. पीटच्या गाळण्या सांडपाण्यातील धातू काढण्यासाठी वापरतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळील हंटर्स पॉइंट येथे पाणथळीच्या गाळात सक्रियित कार्बन मिसळून पीसीबी ही प्रदूषके जागच्या जागी बांधण्याचे प्रयोग झाले आहेत. गाळ उपसून अन्यत्र टाकण्यापेक्षा ही रीत पुष्कळदा कमी खर्चाची पडते. परंतु अशा ठिकाणी प्रदूषक जागेवरच असते. त्यामुळे जमिनीची धूप रोखणे, अम्लता योग्य मर्यादेत राखणे, कार्बनी द्रव्याची झीज भरून काढणे व वेळोवेळी परीक्षण करणे ही जबाबदारी कायम राहते. मूळ प्रदूषक जमिनीत वा पाण्यात जाऊ न देणे हाच अखेरचा व खात्रीचा उपाय होय.